‘इतर’ या रकान्यातलं बी

सप्टेंबर लागला की आमच्याकडच्या बायकांच्या पिशव्यांत चिमटे दिसायला लागतात. भुवया कोरायचे नव्हेत, कळ्या सोलायचे. सकाळी सहाला भोकरदनकडं जाणाऱ्या जीपा भरून निघतात. मांडीवर डबा, डब्यावर रुमाल, रुमालात चिमटा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला पांढऱ्या जाळीची शेडनेटं उभी असतात आणि त्यांच्यात बायका दिवसभर वाकून मिरचीच्या, टोमॅटोच्या कळ्या एकेक करून उघडत असतात. देशभर जे संकरित बी जातं त्यातलं कितीतरी असं आमच्याकडच्या बायकांच्या बोटांतून जातं.

मी त्या बायकांतली नव्हे. मी त्यांच्या पुढच्या टप्प्यावरची. नव्या जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं उगवण तपासली. काम सांगायला सोपं आहे. ओल्या कागदावर शंभर बिया ओळीनं मांडायच्या, कागद गुंडाळून उबदार कपाटात उभा करायचा, सातव्या आणि चौदाव्या दिवशी उलगडून पाहायचा. जे उगवलं ते उगवलं, जे नाही ते नाही. हे काम बत्तीस वर्षं केलं की माणसाचा स्वभाव बिघडतो. कुणी ‘बघू’, ‘होईल’, ‘प्रयत्न चालू आहेत’ असं म्हणालं की मला ताबडतोब विचारावंसं वाटतं : चौदाव्या दिवशी किती?

म्हणूनच गेली काही वर्षं हा हंगाम आला की माझी चिडचिड होते. पूर्वी व्हायची नाही. पूर्वी मला तो आवडायचा. जाळीतून गाळून येणारा दुधासारखा उजेड, ओल्या मातीवर मिरचीच्या फुलांचा अगदी मंद, भेंडीच्या फुलासारखा वास, फांद्याफांद्यांवर बांधलेले लाल-पिवळे लोकरीचे धागे. या सगळ्याशी आता एका मुलीचं नाव जोडलं गेलंय, आणि ते नाव आठवलं की तिच्यासाठी मी जे जे करायला गेले आणि जे जे झालं नाही ते सगळं ओळीनं आठवतं.

तिचं नाव हनान. गाझाच्या दक्षिणेकडच्या एका गावची. संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, ती वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होती आणि प्रकल्पासाठी एक हंगाम आमच्याकडं आली होती. राहायला नसरीनकडं. नसरीन माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसायची. जुन्या जालन्यात तिचं घर. साहेबांनी विचारलं, ‘या मुलीची सोय कुठं करायची?’ तेव्हा नसरीन म्हणाली, ‘कुठं म्हणजे? माझ्या घरी. पोरीची जात, लॉजवर राहील का?’ आणि विषय मिटला. हनान तिला आपा म्हणायची, मला ताई. पंधरा दिवसांत तिला आमच्या बोलीतली हिंदी यायला लागली आणि महिन्याभरात नसरीनच्या खिचडी-खट्ट्यावरून ती नसरीनशी वाद घालायला लागली. तिच्या मते त्यात लिंबू हवं होतं. नसरीनच्या मते, ज्या घरात चिंच आहे त्या घरात लिंबाचा विषय काढणं हा उद्धटपणा होता.

नसरीनला बरोबर घेऊन मी तिला क्रॉसिंग शिकायला पिंपळगाव रेणुकाईला गयाबाईंच्या शेडनेटात नेलं. गयाबाई आमच्या कंपनीसाठी मिरचीचं बी करायच्या. घरची जमीन, दोन सुना हाताखाली, आणि जिभेला मिरचीपेक्षा जास्त तिखटपणा. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, तिच्यातले पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे, दुसऱ्या सकाळी बोटातल्या अंगठीच्या वाटीत नराची पावडर, म्हणजे पराग, घेऊन तिला लावायची आणि धागा बांधायचा. हे गयाबाईंनी तिला एकदाच दाखवलं. हनाननं पहिल्या तासात चाळीसेक कळ्या मोडल्या.

‘हिचं गाव कुठं म्हणावं?’ गयाबाईंनी मला विचारलं.

‘लांब आहे. समुद्राच्या काठी.’

‘घरी शेती हाय का?’

मी हनानला विचारून सांगितलं, की वडील टोमॅटो आणि ढोबळी मिरची करतात. आजोबांची मूळची जमीन मात्र कुंपणापलीकडं आहे. घराच्या गच्चीवरून दिसते, पण तिथं जाता येत नाही.

गयाबाईंनी हातातली कळी सोडली. ‘दिसती, पण जाता येत न्हाई? कामून? बांधाचं भांडण हाय का?’

मी ते भाषांतर करून सांगितलं. हनान हसायला लागली आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीच्या हातानं ती डोळे पुसणार तेवढ्यात नसरीननं तिचं मनगट धरलं. ‘हो मावशी,’ हनान म्हणाली, ‘बांधाचंच.’

त्या हंगामात तिनं मला एक प्रश्न विचारला होता. प्रयोगशाळेत, चौदाव्या दिवशीचे कागद उलगडताना. ‘ताई, या संकरित रोपाच्या फळातलं बी धरून ठेवलं तर?’

‘धरता येत नाही. म्हणजे उगवेल, पण आईबापासारखं निघेलच असं नाही. दर हंगामाला नवं घ्यायचं.’

‘म्हणजे डब्यासारखं,’ ती म्हणाली.

कसला डबा ते मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं, की तिच्या आजीच्या नावावर मदतीचं कार्ड होतं. पीठ, तेल, मसूर, साखर. ठरावीक दिवशी रांगेत उभं राहायचं आणि डबा आणायचा. आजी त्या डब्यावर म्हातारी झाली, आई त्याच डब्यावर वाढली, आणि त्याच्याशिवाय जगता आलंच नसतं हेही खरं. ‘पण ताई,’ ती म्हणाली, ‘डबा देणाऱ्या माणसाला मी लहानपणी एकदा विचारलं होतं, की हे किती दिवस देणार? तो म्हणाला, परिस्थिती सुधारेपर्यंत. मी विचारलं, परिस्थिती कोण सुधारणार? तर तो म्हणाला, ते आमच्या खात्याकडं नाही.’

ती परत गेली. जाताना नसरीननं तिला चिंचेचा गोळा दिला, गयाबाईंनी एक जुना चिमटा दिला. पुढं दोन-तीन वर्षांत तिनं तिकडं रोपवाटिका उभी केली. ट्रेमधल्या रोपांचे फोटो यायचे. ज्या घरांत कमावतं माणूस नाही अशा बायकांना ती रोपं द्यायची, लावायला शिकवायची आणि पहिल्या पिकानंतर त्यांनी तिला फक्त बी परत करायचं. म्हणून ती सरळ वाण वापरायची, ज्याचं बी घरच्या घरी धरता येतं. एका फोटोत पाच-सहा बायका टोमॅटोच्या रोपांना लोकरीचे धागे बांधत होत्या. खाली तिनं लिहिलं होतं, ‘गयाबाईंची शाखा.’ मी तो फोटो गयाबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, ‘धागा ढिला बांधलाय.’

मग युद्ध सुरू झालं.

त्यावर मी काही लिहिणार नाही. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय आणि पाहून चॅनल बदललंय, मीही बदललंय. कितीतरी आठवडे तिला पाठवलेल्या संदेशांपुढं गेल्याची एकच करडी खूण होती, पोहोचल्याची दुसरी उमटतच नव्हती. मग एके दिवशी दुपारी, मी निवृत्तीच्या कागदांवर सह्या करत बसले असताना, तिचा संदेश आला. दोन वाक्यं. ‘आम्ही जिवंत आहोत. शेत नाही.’

आता माझ्या वैतागाचा खरा भाग सुरू होतो.

मी लगेच कामाला लागले. मला वाटलं, मी बियाण्याच्या गावात राहते, बत्तीस वर्षं बियाण्यात घालवलीत, मी तिला बियाणं पाठवणार. गयाबाईंकडून, मंठ्याच्या दोन ओळखीच्या शेतकऱ्यांकडून सरळ वाणाचं बी जमवलं. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी. नसरीननं आणि मी तिच्या स्वयंपाकघरात, भाकरीच्या टोपलीत ओले कागद गुंडाळून, उगवण तपासली. मिरची शंभरातली एक्क्याण्णव. पुड्या केल्या, नावं लिहिली, ओल लागू नये म्हणून डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवली.

नसरीनच्या मोहल्ल्यात मदत गोळा करायला एक समिती झाली होती. शहरातले इतरही बरेच लोक तिला जोडले गेले होते. लोकांनी खरंच मनापासून दिलं होतं. हॉलमध्ये ब्लँकेटांचा डोंगर, कपड्यांची गाठोडी. मी माझा डबा घेऊन गेले. समितीचे अध्यक्ष भला माणूस. त्यांनी डबा उघडून पाहिला, बंद केला आणि म्हणाले, ‘मॅडम, लोक तिकडं उपाशी आहेत. बी खाणार का?’

‘आज नाही खाणार. सहा महिन्यांनी खातील.’

‘सहा महिन्यांनी युद्ध संपलेलं असेल.’

‘मग तर फारच बरं. तेव्हा लागेलच.’

त्यांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, ‘आपण असं करू, डब्याबरोबर तुमचा एक फोटो घेऊ.’ घेतला. डबा मला परत दिला.

मग मी एका मोठ्या शहरातल्या एका संस्थेला फोन केला. तिकडं मदत पाठवणारी संस्था. फोनवरची मुलगी गोड बोलायची. तिनं मला एक फॉर्म पाठवला. त्यात ‘वस्तूचा प्रकार’ असा रकाना होता : खाद्यपदार्थ, औषधे, निवारा, स्वच्छता, इतर. मी खाद्यपदार्थावर खूण केली. फॉर्म परत आला : बियाणं हे खाद्य नाही. मी ‘इतर’वर खूण केली. फॉर्म परत आला : ‘इतर’ सध्या स्वीकारलं जात नाही.

‘मग रकाना ठेवला कशाला?’ मी फोनवर विचारलं.

‘मॅडम, फॉर्म स्टँडर्ड आहे.’

‘बरं, शेती, पुनर्वसन असा काही विभाग?’

‘आहे ना मॅडम. पण तो दुसरा टप्पा. पहिला टप्पा संपला की सुरू होईल.’

‘पहिला टप्पा कधी संपेल?’

‘परिस्थिती सुधारली की.’

मी फोन ठेवला. नसरीन समोर कांदा चिरत होती. मी तिला म्हटलं, ‘हनानच्या लहानपणचंच उत्तर. हे तर अजूनही तिथंच आहेत.’ नसरीन म्हणाली, ‘अगं, तिचा काय कसूर? ती पोरगी पगारी आहे. सीमेवर ट्रकच्या ट्रक उभे आहेत, पीठच आत जाऊन नाही राह्यलं, तुझी मिरची कशी जाईल?’ ते बरोबर होतं. म्हणूनच मी आणखी चिडले. ज्याच्यावर रागवावं असा माणूसच हाताला लागत नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर असतात.

ओळखीच्या लोकांनी आणखी भर घातली. आमच्या कंपनीतले एक निवृत्त सहकारी फोन करून म्हणाले, ‘सुनंदाताई, आपल्या जिल्ह्यात कमी आहे का दुःख? आधी इथलं बघा की.’ मी त्यांना विचारलं, ‘तुम्ही इथलं काय बघता?’ त्यांनी विषय बदलला. हा प्रश्न मी नंतर चौघांना विचारला. चौघांनीही विषय बदलला.

मी पोस्टानंही पाठवून पाहिलं. खिडकीवरच्या बाईनं पत्ता वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा पत्ता वाचला. ‘ताई, हे पोहोचणार नाही.’ मी म्हटलं, शेजारच्या देशात हनानची मावसबहीण आहे, तिच्या पत्त्यावर टाकते, ती बघेल. टाकलं.

आणि या सगळ्यात मी ज्या मुलीसाठी धावत होते तिला विचारलंच नव्हतं. एकदा नेटवर्क लागलं तेव्हा मी तिला मोठ्या उत्साहानं सगळं लिहिलं. मिरची, वांगी, एक्क्याण्णव. तिचं उत्तर आलं. ती इंग्रजी आणि आमच्या जालन्याची हिंदी यांची मिसळ करून लिहिते. ‘ताई, तुला वेड लागलंय का? आम्ही अकरा माणसं एका तंबूत आहोत. बाबांच्या गोळ्या संपल्यात. मला पीठ पाहिजे. पीठ, पाणी, गोळ्या. बी घेऊन मी काय करू, माळ करून घालू?’

मी फोन उपडा ठेवला. अध्यक्षांचं बोलणं आठवलं. बी खाणार का? मला फार लाज वाटली. मला मदतीच्या डब्याचा तिटकारा आला होता, पण तो तिटकारा माझा नव्हता. तिचा होता. तिनं तो लहानपणापासून कमावलेला होता, आणि मी तो उसना घेऊन मिरवत होते. भुकेल्या माणसानं डब्याला नावं ठेवावीत, पोट भरलेल्यानं ठेवू नयेत. दुसऱ्या दिवशी मी समितीत गेले आणि गाठोडी बांधायला बसले. तीन आठवडे बांधली. ती तरी पोहोचली का, मला माहीत नाही. विचारलं तर ‘पुढं पाठवलीत’ असं सांगतात.

तिचे वडील त्या थंडीत गेले. बॉम्बनं नव्हे. गोळ्या न मिळाल्यामुळं. हे तिनं फार साधं लिहिलं : ‘बाबा मंगळवारी गेले. गोळ्या सीमेपर्यंत आल्या होत्या असं म्हणतात.’ नसरीननं त्यांच्यासाठी घरी कुराणखानी, म्हणजे कुराणाचं पठण, ठेवली. गयाबाई पिंपळगावहून आल्या आणि सगळ्या बायकांत, भिंतीला टेकून, काही न कळता तासभर बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, ‘शेतकरी माणूस तंबूत मेला व्हय.’

मग बऱ्याच दिवसांनी पीठ आत जायला लागलं. थोडं, मध्येच थांबणारं, पण जायला लागलं. आणि हनानचा सूर बदलला. आधी मला तो कळला नाही. ती उगाच भांडायची. रांगेत पुढं घुसणाऱ्या बाईबद्दल, टोकन वाटणाऱ्या माणसाबद्दल, मसुरीच्या पाकिटांवरच्या हसऱ्या कुटुंबाच्या चित्राबद्दल. एकदा तिनं लिहिलं, ‘ताई, मी दिवसातले सहा तास रांगेत उभी असते. माझ्या हातांना करायला काही नाही. आज मी रांगेत उभ्या-उभ्या माझ्या पुढच्या बाईच्या शालीचे दोरे उपसत होते. तिनं मला मारलं नाही एवढंच.’

आणि त्यानंतर चारच दिवसांनी : ‘मला तीन टोमॅटो मिळालेत. दोन आम्ही खाल्ले. एक अर्धा सडलाय. त्याचं बी धरायचंय. पटकन सांग.’

प्रयोगशाळेतलं माझं सगळं ज्ञान उसळून वर आलं. मी लिहिलं : गर पिळून काढ, एक दिवस आंबव, मग चार पाण्यांनी धू, सावलीत वाळव.

तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘चार पाणी? ताई, चार पाणी असतं तर मी ते प्यायले असते.’

बत्तीस वर्षं. तापमान मोजून, पाणी मोजून, आम्ल मोजून. आणि एका अर्ध्या सडक्या टोमॅटोचं बी पाण्याशिवाय कसं धरायचं, हे मला सांगता येईना. मी नसरीनला घेऊन जीपनं थेट पिंपळगाव रेणुकाईला गेले. गयाबाई बाजारात मिरचीचे ढीग लावत होत्या. आजूबाजूला ट्रक, खोकला, शिंका, आरडाओरडा. मी त्या गोंधळात त्यांना सगळं सांगितलं.

‘मंग पाणी कशाला पाह्यजे?’ गयाबाई म्हणाल्या. ‘आमी कवा धुत व्हतो? चुलीची राख घ्यायची, चाळायची, त्यात गर कालवायचा, कापडावर थापायचा. वाळला की चोळला की बी मोकळं. किडा बी लागत न्हाई. तुमच्या कंपन्या आल्या तवापासून सोडलं आमी.’

‘हे तुम्हीच तिला सांगा,’ मी म्हटलं आणि फोन पुढं केला. त्यांनी मिरचीच्या ढिगाशेजारी उभं राहून, लाउडस्पीकरवर बोलतात तसं ओरडून सांगितलं. नसरीननं मागून वाक्यावाक्याला हिंदी केलं. संध्याकाळी, आम्ही गयाबाईंकडंच असताना, हनानचा आवाज आला. थकलेला, खरखरीत आणि जरासा हसरा.

‘मावशीला सांगा, राख आहे. इथं राख कमी नाही.’

आम्ही तिघींनी ते ऐकलं. गयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी तरीही माझा स्वभाव सोडला नाही. मी तिला लिहिलं, की तो टोमॅटो बहुतेक संकरित असेल, त्यातून काय निघेल सांगता येत नाही. तिनं लिहिलं, ‘काहीतरी निघेल ना? मग बस.’

वीस बियांतल्या अकरा उगवल्या. मासळीच्या रिकाम्या डब्यांत. मी आकडा मुद्दाम विचारला, चौदाव्या दिवशी. त्या अकरांतली चार रोपं तिनं शेजारच्या चार तंबूंना दिली, अटही जुनीच घातली : फळ तुमचं, बी परत. पहिले टोमॅटो आले ते लिंबाएवढे, आंबटढाण. ‘आपाला सांगा,’ तिनं कळवलं, ‘चिंचेची गरज पडली नाही.’ पुढच्या खेपेला बी वाढलं, तंबू वाढले. मग एकदा सगळ्यांना तिथून उठावं लागलं. डबे डोक्यावर घेऊन बायका चालत गेल्या. निम्मी रोपं वाटेत मेली. पुन्हा अर्ध्यापासून सुरुवात.

माझा पोस्टानं पाठवलेला डबा आठ-नऊ महिन्यांनी परत आला. वर तीन भाषांतले शिक्के, आत बी तसंच. मी तपासलं. मिरची एक्क्याण्णवावरून अडुसष्ट. काकडी जवळजवळ गेलेलीच. मी तो डबा गयाबाईंसमोर ठेवला आणि म्हटलं, ‘हे असंच कपाटात मरणार.’

‘मंग कपाटात कशाला ठेवतीस? पेर की. बी पेरलं तरच ऱ्हातं.’

शेडनेटाबाहेरच्या पट्टीत आम्ही ते पेरलं. जे उगवलं त्याचं बी धरलं, आणि आता दर हंगामाला धरतोय. कधी वाट उघडली तर ताजं बी हाताशी असावं म्हणून. वाट उघडेल का? मला विचारू नका. मी फक्त उगवलेलं मोजते.

मध्यंतरी समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. हनानच्या डब्यांतल्या रोपांचा फोटो कुणीतरी त्यांना दाखवला होता. ‘मॅडम, फार छान. आपल्या अहवालात घालू. आपल्या समितीचं नाव खाली येईल.’ मी त्यांना विचारलं, ‘समितीनं काय पाठवलं होतं?’ ते म्हणाले, ‘भावना तर होती ना.’ मी फोटो दिला नाही. नंतर वाटलं, द्यायला हवा होता. माणूस भला आहे, त्याची ब्लँकेटं खरी होती, आणि एखादा फोटो पाहून पुढच्या वर्षी कुणाला बी सुचलं असतं. पण मी नाही म्हणाले. वैतागलेल्या माणसाच्या हातून अशा चुका होतात.

या आठवड्यात मी आणि नसरीन गयाबाईंकडं गेलो होतो. क्रॉसिंगला नुकतीच सुरुवात झालीय. आम्ही जाळीत शिरलो तेवढ्यात माझा फोन वाजला. हनानचा आवाजी संदेश, चार मिनिटांचा. एवढा लांब तिनं कधी पाठवला नव्हता. एवढं लांब सांगायचं म्हणजे काहीतरी वाईटच झालं असणार, असं वाटलं. नसरीननं माझा दंड धरला. मी बटण दाबलं.

हनान ओरडत होती. खरोखर ओरडत होती. तिच्या टोमॅटोची पानं वाटीसारखी वळायला लागलीत. पानाखाली पांढरी माशी बसलीय, हात लावला की धुरळ्यासारखी उडते. तिनं तिची रोगट रोपं उपटून टाकली. पण पलीकडच्या तंबूतली बाई तिचं एकुलतं एक रोगट रोप उपटायला तयार नाही. म्हणते, हिरवं आहे ना, राहू दे. तिला तीनदा सांगितलं. तिच्या सासूला सांगितलं. ती ऐकतच नाही! तिच्या एका रोपापायी सगळ्यांचं पीक जाणार! माणसं अशी का वागतात, ताई?

चार मिनिटांत पीठ नव्हतं, रांग नव्हती, सीमा नव्हती. नुसती पांढरी माशी आणि एक अडाणी शेजारीण.

‘काय झालं? काय म्हणून राह्यली?’ गयाबाई घाबऱ्याघुबऱ्या पुढं आल्या. नसरीननं सांगितलं. गयाबाईंचा चेहरा सैल झाला आणि लगेच लाल झाला.

‘आन इकडं तो फोन,’ त्या म्हणाल्या. ‘तिला म्हणावं, बाईला सांगून उपेग न्हाई. ती झोपली का उपटून टाक. साबणाचं पाणी असलं तर पानाखालून मार. पिवळा डबा असंल तर त्याला तेल लावून उभा कर, माशी चिकटती. न्हाई तर माझ्याकडं बघ, तो पलीकडचा बाबा, तीन वर्षं सांगून राह्यले, बांधावरची रोगट मिरची उपट म्हणून, ऐकतो का? न्हाई ऐकत! मागल्या साली माझा अर्धा प्लॉट गेला, तवा बी न्हाई. मी म्हन्ते, अशा मानसाला...’

त्या सहा मिनिटं बोलत होत्या. नसरीननं मधेच हिंदी करायचं सोडून दिलं आणि एका उपड्या पाटीवर बसून घेतलं. हाताखालच्या सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी फोन धरून उभी होते, माझा हात दुखायला लागला होता, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मला कुणाचाही राग येत नव्हता.

संदेश गेल्याची एक खूण उमटली. पोहोचल्याच्या दुसरीची वाट पाहत आम्ही तिघी तिथंच, जाळीत बसून राहिलो.